कॉम्प्युटर का तापतो आणि विसरायला वीज का लागते: दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शाहूपुरीच्या बाजूला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. त्याआधी शिवाजी विद्यापीठातनं फिजिक्समध्ये एमएस्सी केलेलं, त्यामुळं होतं काय की फॅन साफ करायला आलेला माणूस सहज एक प्रश्न विचारतो आणि मी पाऊण तास बोलत बसतो, मागं चार गिऱ्हाइकं ताटकळतात. बायको म्हणाली हे एकदाचं लिहून टाका आणि लोकांना वाचायला द्या. म्हणून हे. प्रश्न खरंच लोकांनी विचारलेले आहेत, काही कॉलेजच्या पोरांचे, काही आमच्या तात्यांचे, तात्या म्हणजे माझे चुलते, करवीर तालुक्यात त्यांचं गुऱ्हाळ आहे.

लॅपटॉप तापतो म्हणजे बिघाड आहे का?

तापणं हा बिघाड नाही, भलतंच तापणं हा बिघाड. बघा, लॅपटॉप चालू असताना समजा ३० वॉट वीज खातोय. ती जाते कुठं? पंख्याची हवा थोड्या वेळानं थांबते, स्क्रीनचा उजेड भिंतीवर पडून जिरतो, स्पीकरचा आवाजही तसाच. तुम्ही एक्सेलमध्ये जीएसटीची टोटल मारली त्या टोटलमध्ये ऊर्जा साठून राहत नाही. म्हणजे आत आली तेवढी जवळपास सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. हिशोबाच्या भाषेत तुमचा लॅपटॉप हा ३० वॉटचा हीटर आहे, मधे फक्त जरा हुशारी करतो. सगळी उष्णता गोळा करता आली तर एक कप चहाचं पाणी उकळायला साधारण २५ मिनिटं लागतील.

इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले आहेत, त्यांचा लॅपटॉप दर सहा महिन्यांनी येतो, उघडला की हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, सुताच्या तंतूंची गादी बसलेली असते. तिथं प्रोसेसरचा दोष नाही, निघालेली उष्णता बाहेर जायला वाट नाही म्हणून तो स्वतःच स्पीड कमी करतो. साफ करा, थर्मल पेस्ट बदला, विषय संपला.

पण बेरीज-वजाबाकी करायची म्हटलं की ऊर्जा खर्च होणारच की?

इथंच खरी गंमत आहे, आणि मला स्वतःला हे एमएस्सीला कळलं तेव्हा दोन दिवस झोप नीट लागली नव्हती. उत्तर आहे: नाही. हिशोब करण्याला, म्हणजे निव्वळ हिशोबाला, किमान ऊर्जा अशी काही लागत नाही. लागते ती विसरायला.

आधी मोठमोठ्या लोकांनाही तसं वाटत नव्हतं. कॉम्प्युटरचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या जॉन फॉन नॉयमन सारख्या माणसानं १९४९ च्या व्याख्यानात सांगितलेलं की हिशोबाच्या प्रत्येक बारीक पायरीला थोडी तरी ऊर्जा द्यावीच लागणार. मग १९६१ मध्ये आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीतल्या रोल्फ लँडाउअरनं बारकाईनं बघितलं आणि म्हणाला थांबा, प्रत्येक पायरीला नाही, फक्त ज्या पायरीवर माहिती कायमची हरवते त्या पायरीला. उलट फिरवता येणाऱ्या पायऱ्या तत्त्वतः फुकटात करता येतात. याला लँडाउअरचं तत्त्व म्हणतात.

विसरायला ऊर्जा का लागावी? पुसणं तर सगळ्यात सोपं काम

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर मी दरवेळी वेगळं देतो कारण एकानं सगळ्यांचं समाधान होत नाही.

ऊसाच्या सीझनला कारखान्याच्या वजनकाट्यावर जायची लाईन डोळ्यासमोर आणा. दोन रस्त्यांनी ट्रॅक्टर येतायत आणि काट्याच्या आधी एकाच रस्त्याला मिळतायत. काट्यावर उभा असलेला ट्रॅक्टर बघून तो कागलच्या बाजूनं आला का पन्हाळ्याच्या बाजूनं हे सांगता येतं का? नाही. दोन शक्यता होत्या, आता एकच उरली. बिट म्हणजे ० किंवा १ एवढीच माहिती, आणि एक बिट पुसणं म्हणजे एवढंच: आत ० असो का १, शेवटी ०. दोन रस्ते एकात.

आता अडचण अशी की अणू-रेणूंच्या पातळीवर निसर्गाचे नियम असे एकात मिळणारे रस्ते ठेवतच नाहीत. तिथं प्रत्येक अवस्थेचा भूतकाळ वेगळा असतो, सगळं शोधलं तर मागं जाता येतं. म्हणजे तुमच्या बिटनं ० होता का १ होता ही गोष्ट विसरली तरी कुठंतरी ती शिल्लक राहायलाच पाहिजे. कुठं राहते? आजूबाजूच्या रेणूंच्या धडपडीत, म्हणजेच उष्णतेत. ट्रॅक्टर कुठून आला हे काट्यावर कळत नाही पण चाकाला लागलेली तांबडी माती रस्त्यावर सांडलेली असते, तसं. बिटमधली अनिश्चितता कमी झाली तर भोवतालची तेवढी तरी वाढली पाहिजे, हा थर्मोडायनामिक्सचा, म्हणजे उष्णतेच्या शास्त्राचा, दुसरा नियम, आणि तो कोणालाच सूट देत नाही.

कॉलेजच्या पोरांसाठी: अँड गेट घ्या, म्हणजे दोन्ही इनपुट १ असतील तरच १ देणारं चिपमधलं बारकं सर्किट. दोन इनपुट, एक आउटपुट. आउटपुट १ आलं तर दोन्ही इनपुट १ होते हे कळतं, पण ० आलं तर तीन शक्यता उरतात. चारही जोड्या सारख्याच वेळा येत असतील तर आत २ बिट माहिती जाते, बाहेर साधारण ०.८१ बिट येते, म्हणजे दर वेळी १.१९ बिट गायब. तुमच्या चिपमध्ये असे अब्जावधी गेट, प्रत्येक सेकंदाला अब्जावधी वेळा हेच करतायत, दोन रस्ते एकात, दोन रस्ते एकात.

बरं, एक बिट पुसायला किती खर्च?

किमान खर्च = बोल्ट्झमनचा स्थिरांक (निसर्गातला एक ठरलेला, अतिशय बारका आकडा) × तापमान × ०.६९३. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्विनला, हे येतं साधारण २.८७ भागिले १ वर २१ शून्य, इतके जूल (एक वॉट म्हणजे सेकंदाला एक जूल). वाचून काही वाटलं नसेल, मलाही वाटत नाही. म्हणून असं बघा: एक टीबीची हार्डडिस्क लँडाउअरच्या भावानं पूर्ण पुसली, तर जेवढी ऊर्जा लागेल तेवढ्यात मिठाचा एक कण जेमतेम चार सेंटीमीटर वर उचलता येईल. एक कण. एक टीबी.

आणि हो, हा भाव तापमानावर अवलंबून आहे, त्यामुळं कोल्हापुरात मे महिन्यात दुपारी ३८ अंशाला बिट पुसणं जानेवारीच्या १५ अंशाच्या पहाटेपेक्षा साधारण ८ टक्के महाग पडतं. तेवढ्यासाठी हिशोब थंडीत उरकून घ्यायची गरज नाही.

मोबाईलमध्ये डिलीट दाबलं की हीच उष्णता निघते का?

नाही हो. डिलीट म्हणजे बहुतेक वेळा फाईल कुठं ठेवलीय त्या नोंदीवर फक्त 'ही जागा रिकामी समजा' असं लिहिलं जातं, फाईल तिथंच असते. म्हणूनच तर लोकांचे लग्नाचे फोटो आम्ही परत काढून देऊ शकतो. पुसणं म्हणजे इथं जुनी अवस्था काय होती याचा कुठलाही मागमूस न ठेवता एका ठरलेल्या अवस्थेत आणणं. आणि ते मुद्दाम डिलीट दाबल्यावरच होतं असं नाही, प्रोसेसरच्या आत दर क्षणी जुन्या उत्तरावर नवं उत्तर लिहिलं जातं तिथं ते सतत चालू असतं.

'मॅक्सवेलचा राक्षस' हे काय प्रकरण आहे, त्याचा कॉम्प्युटरशी काय संबंध?

मला राक्षस शब्द आवडत नाही, तो दारावरचा माणूस आहे. १८६७ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं मित्राला लिहिलेल्या पत्रात ही कल्पना मांडली. लग्नाचा हॉल समजा, मधे पार्टिशन, पार्टिशनला एक दार, दारावर एक चलाख माणूस. हॉलभर पोरं पळतायत, काही जोरात काही रेंगाळत. हा माणूस काय करतो, जोरात पळणारं पोर डावीकडनं आलं की दार उघडून उजवीकडं सोडतो, रेंगाळणारं उजवीकडनं आलं की डावीकडं. थोड्या वेळानं उजवीकडं सगळी धावणारी, डावीकडं सगळी निवांत. पोरांच्या जागी हवेचे रेणू घातले तर उजवी खोली गरम, डावी थंड, आणि दाराला बिजागरी इतकी गुळगुळीत की खर्च शून्य. म्हणजे फुकटात एसी आणि हीटर दोन्ही! दुसरा नियम मोडला की.

जवळजवळ शंभर वर्षं लोक यावर डोकं खाजवत होते. १९२९ मध्ये लिओ झिलार्डनं ते एकाच रेणूच्या इंजिनापर्यंत सोपं करून दाखवलं: रेणू डावीकडं का उजवीकडं ही एक बिट माहिती असेल तर त्यातनं जास्तीत जास्त काम निघतं तेवढंच, स्थिरांक × तापमान × ०.६९३. तोच आकडा! पुढं बराच काळ समजूत होती की रेणू कुठं आहे हे बघायलाच ऊर्जा खर्च होते, तिथं हिशोब फिटतो. पण तसंही नाही निघालं, बघणं तत्त्वतः फुकटात करता येतं. १९८२ मध्ये आयबीएमच्याच चार्ल्स बेनेटनं नीट लावून दाखवलं की खर्च दारवाल्याच्या वहीत लपलाय. तो प्रत्येक पोराची नोंद ठेवतो, वही भरते, पुढं काम चालू ठेवायचं तर वही कोरी करावी लागते, आणि कोरी करताना आधी कमावलेलं सगळं परत द्यावं लागतं. उधारीवर धंदा चालला होता म्हणायचा.

मला यातलं आवडतं ते हे की कॉम्प्युटरचा 'क' पण नव्हता तेव्हाच्या कोड्याचं उत्तर कॉम्प्युटरच्या मेमरीत सापडलं.

हे कोणी प्रत्यक्ष मोजलंय का, का सगळं कागदावरच?

मोजलंय. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या लिऑंच्या गटानं साधारण दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काचेसारखा सिलिकाचा मणी पाण्यात लेझरनं पकडला, दोन खड्डे शेजारी शेजारी असतात तसा सापळा करून. डावा खड्डा ०, उजवा १. मग मणी कुठंही असला तरी एकाच खड्ड्यात आणायचा, म्हणजे बिट पुसायचा, आणि किती उष्णता निघाली ते मोजायचं. आलेला निकाल लक्षात ठेवा कारण पुढं तो लागणार आहे: घाईनं पुसलं तर जास्त उष्णता, जितकं सावकाश तितकी लँडाउअरच्या आकड्याच्या जवळ, पण सरासरी त्याच्या खाली काही गेली नाही.

मग माझा प्रोसेसर एवढा का खातो? मिठाचा कण उचलायला ३० वॉट?

बरोब्बर विचारलंत. आजच्या चिपमधला एक साधा स्विच एकदा पलटायला लँडाउअरच्या किमतीच्या हजारो ते लाखो पट ऊर्जा जाते, आणि याला दोष दुसऱ्या नियमाचा नाही, आपल्या पद्धतीचा आहे.

गच्चीवरची पाण्याची टाकी बघा. मोटर पाणी पार टाकीच्या तोंडापर्यंत चढवते आणि पाणी वरून धबाधबा खाली पडतं. टाकी रिकामी असताना पहिली बादली पार तळाशी पडते, म्हणजे तिला वर चढवायला घातलेली उंची वायाच गेली, शेवटची बादली काठाशीच राहते. सरासरी काढली तर टाकीच्या उंचीपुरत्या कामातलं अर्धं पाण्याच्या आपटण्यात गेलं, अर्धं टाकीत साठलं. आणि पाईप जाड घ्या नाहीतर बारीक, ते अर्धं जातंच. चिपमध्ये डिट्टो हेच होतं. १ लिहायचा म्हणजे एका बारक्या कपॅसिटरमध्ये ठरलेल्या व्होल्टेजवरनं चार्ज भरायचा, निम्मी ऊर्जा तारेच्या रेझिस्टन्समध्ये उष्णता होते. ० लिहायचा म्हणजे टाकीची तळाची चावी उघडून उरलेलं निम्मं पण गटारीत सोडून द्यायचं. दर सेकंदाला काही अब्ज वेळा टाकी भरा आणि ओता. तापणार नाही तर काय.

उपाय काय? पाण्याची पातळी चढेल तसा पाईपचा शेवट हळूहळू वर न्यायचा, म्हणजे पाणी कधी आपटणारच नाही. विजेतही असं करता येतं, व्होल्टेज एकदम न लावता हळूहळू चढवायचं, जितका वेळ जास्त तितकी नासाडी कमी, दुप्पट वेळ घेतला तर साधारण निम्मी. आणि रिकामं करताना चार्ज गटारीत न सोडता परत सप्लायला घ्यायचा. याला ॲडियाबॅटिक सर्किट म्हणतात. अडचण एकच, सावकाश. गिऱ्हाईकाला विचारा सावकाश चालणारा लॅपटॉप हवाय का, थांबू द्या, मीच सांगतो काय म्हणेल ते.

मग व्होल्टेजच कमी करा की, ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गात असते ना?

शाब्बास, हेच केलं इतकी वर्षं. पूर्वी चिप ५ व्होल्टवर चालायच्या, आता एक व्होल्टच्या आसपास किंवा खाली, म्हणजे तेवढ्यानंच २५ पट फायदा. पण पुढं गाडी अडली. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला बारका स्विच, हा नळ आहे आणि तो पूर्ण बंद होत नाही, थोडा ठिबकतो. साध्या तापमानाला नळ दहा पट जास्त घट्ट करायचा तर निदान ६० मिलिव्होल्ट द्यावेच लागतात, हा आकडासुद्धा तापमानातनंच येतो, नेहमीच्या ट्रान्झिस्टरला त्यातनं सुटका नाही. व्होल्टेज फार उतरवलं की चालू आणि बंद यातला फरकच कमी होतो, नळ सगळे ठिबकायला लागतात, करोडो नळ. आणि चिप तापली की ठिबकणं वाढतं, ठिबकणं वाढलं की अजून तापते.

२००४ ला प्रोसेसरचा वेग ३-४ गिगाहर्ट्झ होता, आज पण फार पुढं नाही, असं का?

वरच्याच कारणानं. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डनं नियम सांगितलेला की ट्रान्झिस्टर लहान करत जा, व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरवत जा, मग तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर जास्त वेगानं चालतील आणि उष्णता वाढणार नाही. तीसेक वर्षं नाद खुळा चाललं. साधारण २००५-०६ ला ठिबकण्यामुळं व्होल्टेज उतरेना, मग वेग वाढवला की चिप जळायची पाळी. म्हणून कंपन्यांनी वेग सोडून कोअर वाढवले, म्हणजे एकाच चिपवर जास्त प्रोसेसर बसवले. मी त्या वेळी कॉलेजात होतो, दर वर्षी नवा कॉम्प्युटर दुप्पट वेगाचा असणार हे आम्ही गृहीतच धरलेलं, आणि एकदम ते थांबलं, कारण तेव्हा कोणी नीट सांगितलं नव्हतं.

पूर्वीपेक्षा काहीच सुधारलं नाही म्हणता?

छे छे, असं कुठं म्हटलं. १९४६ चा एनिॲक घ्या, १८ हजाराच्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब, साधारण १५० किलोवॉट वीज, सेकंदाला ५ हजार बेरजा. म्हणजे एका बेरजेला ३० जूल. २०२२ ला आलेला फ्रंटियर नावाचा अमेरिकन सुपरकॉम्प्युटर २१ मेगावॉटच्या आसपास वीज खातो पण सेकंदाला १ वर १८ शून्य एवढ्या क्रिया करतो, म्हणजे एका क्रियेला जूलच्या एक हजार कोटीव्या भागाच्या पाचव्या हिश्श्याएवढं. सुधारणा साधारण दीड लाख कोटी पट. इतकी सुधारणा माणसानं दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये केली असेल असं मला वाटत नाही.

आणि तरीसुद्धा ती एक क्रिया एका बिटच्या किमान किमतीच्या साधारण ७०० कोटी पट महाग आहे. एका क्रियेत हजारभर बिट इकडचे तिकडं होतात असं धरलं तरी लाखो पट जागा शिल्लक.

सगळ्यात जास्त वीज नेमकी कशात जाते?

लोकांना वाटतं गुणाकारात. नाही, हमालीत. जुन्या ४५ नॅनोमीटर पद्धतीच्या चिपचे आकडे माझ्या डोक्यात पक्के बसलेत: ३२ बिटची साधी बेरीज ०.१ पिकोजूल (पिकोजूल म्हणजे जूलचा एक लाख कोटीवा भाग), आणि तेवढेच ३२ बिट बाहेरच्या रॅममधनं आणायचे तर ६४० पिकोजूल. म्हणजे बेरजेची मजुरी एक पैसा आणि माल गोडाऊनमधनं आणायचं भाडं ६४ रुपये. गुळाची ढेप शाहूपुरीच्या मार्केटमधनं टेबलवर आणायला टेम्पो करायचा आणि त्यातला खडा तोंडात टाकून टेम्पोनं परत पाठवायची, असला कारभार. म्हणून नवीन चिप बनवणारे सगळे मेमरी प्रोसेसरच्या जवळ, त्याच्या डोक्यावर, जमलं तर त्याच्या पोटातच आणायच्या मागं लागलेत. आपल्या ॲपल-बिपलच्या नव्या लॅपटॉपची बॅटरी जास्त टिकते त्यात या गोष्टीचाही वाटा आहे.

लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवून चालवला तर स्वस्त पडेल का?

पहिलं म्हणजे करू नका, आत दव धरतं, बोर्ड जातो, मग माझ्याकडंच येणार. तत्त्वाचं म्हणाल तर, ४ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंशाला, बिट पुसायचा भाव ७५ पट उतरतो हे खरं. पण तिथली उष्णता उपसून बाहेर ३०० केल्विनच्या खोलीत फेकायला आदर्शातल्या आदर्श फ्रीजलाही इतकं काम लागतं की एकूण बेरीज पुन्हा ७५ पट, म्हणजे जिथल्या तिथं. खऱ्या फ्रीजमध्ये तर त्याहून वाईट. या बाबतीत निसर्ग मारवाड्यापेक्षा पक्का आहे, एक पैसा सोडत नाही.

विसरतच नाही असा कॉम्प्युटर बनवता येईल का?

तत्त्वतः हो. अँड गेटच्या जागी असे गेट वापरायचे ज्यात उत्तरावरनं इनपुट परत काढता येतं. टोमासो टोफोलीचा गेट तीन बिट आत घेतो, तीन बाहेर देतो, आणि त्याच्यातनंच परत चालवला की मूळ इनपुट हातात. आता तुम्ही म्हणाल की काहीच पुसलं नाही तर मधला सगळा कच्चा हिशोब साठत जाणार, मेमरी भरणार, शेवटी पुसावंच लागणार. यावर बेनेटची १९७३ ची युक्ती लई भारी आहे. पाटीवर गणित सोडवा, सगळ्या पायऱ्या राहू द्या. उत्तर कोऱ्या कागदावर उतरवून घ्या, कोऱ्या जागी कॉपी करणं फुकट. मग गणित उलट्या क्रमानं मागं करत जा, प्रत्येक पायरी तिच्या आधीच्या पायरीत विरघळवत, पार सुरुवातीच्या प्रश्नापर्यंत. पाटी कोरी झाली, पण फडकं कुठंच मारलं नाही! हातात प्रश्न आणि उत्तर, बाकी कचरा शून्य.

किंमत द्यावी लागते ती वेळेत आणि जागेत, दुप्पट काम आणि जास्त मेमरी. शिवाय सावकाश चालवलं तरच फायदा, टाकीचं आठवा. माझं मत विचाराल तर पुढच्या काही वर्षांत हे माझ्या काउंटरवर दुरुस्तीला येईल असं वाटत नाही, पण व्होल्टेजची वाट बंद झाल्यावर इकडंच वळावं लागणार हेही तितकंच दिसतंय.

क्वांटम कॉम्प्युटर उलट फिरवता येतो म्हणतात, मग त्याला वीज लागत नाही?

त्याचे गेट उलटे फिरतात हे खरं. पण मोजमाप केलं, चुका दुरुस्त करायला मदतनीस बिट पुन्हा पुन्हा कोरे केले, की लँडाउअर हजर. आणि बरेच क्वांटम कॉम्प्युटर शून्याच्या वर केल्विनच्या शंभराव्या भागाएवढ्या थंडीत ठेवतात, त्या फ्रीजचं बिल बघितलं तर लँडाउअरचा खर्च दिसणार पण नाही.

आपला मेंदू किती खातो?

साधारण २० वॉट. पूर्वीच्या छोट्या बल्बएवढं. तोही लँडाउअरच्या किमतीपेक्षा खूप वर आहे, पण सावकाश चालतो, आणि मेमरी व हिशोब एकाच जागी, हमाली कमी. वरचे दोन्ही मुद्दे तिथं आधीच सुटलेत.

एआयला एवढी वीज लागते म्हणतात ती यातनंच का?

हो, यातनंच, फक्त प्रमाण वेगळं. एनव्हिडियाच्या एच१०० चिपची एक आवृत्ती एकटी ७०० वॉटपर्यंत खाते, कपड्याच्या इस्त्रीच्या जवळपास, आणि अशा हजारो एका छताखाली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं २०२४ मध्ये जगातल्या सगळ्या डेटा सेंटरनी मिळून ४१५ टेरावॉट-तास (एक टेरावॉट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट) वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्क्याच्या आसपास. यात लँडाउअरचा वाटा काढायला गेलात तर मिठाचे कण मोजत बसाल. खर्च आहे तो टाकी भरून ओतायचा, हमालीचा, आणि घाईचा.

एवढी उष्णता निघते तर गूळ करायला वापरा की! (तात्या)

हा प्रश्न गुऱ्हाळात काहिलीशेजारी बसून विचारला गेला, मळी काढायची चालली होती, चुलवाणात चिपाड सारलं जात होतं. तात्यांचं म्हणणं, आमचा जाळ दिसतो, वास येतो, गुळव्याला कळतो, तुझ्या कॉम्प्युटरचा जाळ वाया जातो.

उत्तर देताना आधी वाटलं चेष्टा आहे, पण प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. उष्णता किती आहे यापेक्षा ती किती तापमानाला आहे हे महत्त्वाचं. गूळ उतरवायचा तो साधारण ११५ ते ११८ अंशाला, आणि चिप १०० च्या आसपास गेली की घाबरून बंद पडते, डेटा सेंटरमधनं निघणारं पाणी तर त्याहून खूपच थंड. कोमट उष्णता कितीही असली तरी काहील उकळणार नाही. स्टॉकहोमला डेटा सेंटरची उष्णता घरं गरम करायला वापरतात, तिथं ते चालतं कारण त्यांना कोमटच हवं असतं. आपल्याकडं घर गरम करायला कोण मागणार.

मग तात्या म्हणाले निदान रस तरी कोमट करून दे. ते होण्यासारखं आहे, म्हणून तिथंच मोबाईलवर हिशोब केला: हजार लिटर रस २५ वरनं ५० अंशावर न्यायला साधारण २९ युनिट लागतात, म्हणजे ३० वॉटचे हजारभर लॅपटॉप तासभर चालवायचे. तात्यांनी चिपाडाच्या ढिगाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "अरे हजार लॅपटॉपचं लाईटबिल कोण भरणार, तू?"